नव्या मॉडेलचा प्रश्न

आमच्या बुलेटच्या आरसीची मुदत या वर्षी संपते आहे. गाडी १९८१ ची. खासगी गाडीची नोंदणी पहिली पंधरा वर्षं चालते, त्यानंतर दर पाच वर्षांनी गाडी आरटीओत नेऊन दाखवायची आणि पुढची पाच वर्षं मागून घ्यायची. १९९६, २००१, २००६, २०११, २०१६, २०२१ असं सहा वेळा झालं. पहिल्या तीन वेळा दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते केलं. पुढच्या तीन वेळा मी. सातव्या वेळी मात्र फॉर्म समोर ठेवून बसलो आणि भरवेना.

कारण गुडघा. गेल्या पावसाळ्यात घाईत होतो. बुलेटला किक मारायची एक रीत असते. आधी चावी फिरवून किक हलक्या पायानं दाबत न्यायची, अँपिअर मीटरचा काटा मधोमध आला की डाव्या हाताचा डीकॉम्प्रेसर ओढायचा, किक बोटभर पुढे सरकवायची, डीकॉम्प्रेसर सोडायचा आणि मग एकदाच, पूर्ण अंगानिशी मारायची. चाळीस वर्षं पाळलेली रीत त्या दिवशी पाळली नाही. किक उलटी आली. दोष सर्वस्वी माझा. पण सत्तावन्नाव्या वर्षी गुडघा दोष कुणाचा हे विचारत नाही. दोन महिने गाडी कव्हरखाली होती. बायको म्हणाली, "नवी घे. बुलेटच घे, पण बटणावर चालू होणारी घे." शिवाय गेल्या वर्षी सप्टेंबरात ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. नवी बुलेट ३४९ सीसीची. म्हणजे सरकारही बायकोच्याच बाजूनं.

मी आढेवेढे घेत राहिलो. "दादांनी ही गाडी कधी बदलली नाही," हे माझं ठेवणीतलं उत्तर. एका घराण्यात एक गाडी, एक मिस्त्री, एक निष्ठा, असं काहीसं माझ्या मनात होतं. ते कितपत खरं आहे हे तपासायला मी गाडीचा इतिहास वाचू लागलो, आणि दादांच्या डायऱ्याही काढल्या. दोन्हीकडून उत्तर आलं ते माझ्या सोयीचं नव्हतं.

नवं मॉडेल घ्यावं की नाही, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना नाही. माझ्या वडिलांच्या पिढीतल्या बहुतेकांना तो अर्धं आयुष्य पडलाच नव्हता. घ्यायला नवं मॉडेलच नव्हतं.

बुलेट हे नाव इंग्लंडच्या रेडिच गावातलं. तिथल्या रॉयल एनफिल्डनं ते पहिल्यांदा १९३२ साली वापरलं. आपण ओळखतो ती बुलेट मात्र महायुद्धानंतरची, १९४९ ची. ३४६ सीसी, ७० मिलिमीटरचा बोअर आणि ९० मिलिमीटरचा स्ट्रोक. मागच्या चाकाला स्विंगआर्म आणि शॉक अ‍ॅब्झॉर्बर ही तेव्हाची नवलाई. त्या काळात बऱ्याच मोटरसायकलींचं मागचं चाक थेट चौकटीला जखडलेलं असे आणि खड्डा थेट पाठीच्या कण्यात जाई. त्याच सुमारास मद्रास मोटर्सनं ही गाडी भारतात आणायला सुरुवात केली. १९५२ मध्ये भारतीय सैन्यानं सीमेवरच्या गस्तीसाठी तिची मागणी नोंदवली. मागणी मोठी होती, आणि नव्या देशाला परकीय चलन वाचवायचं होतं. तेव्हा १९५५ मध्ये एनफिल्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली आणि मद्रासच्या उत्तरेला तिरुवोत्तियूरला कारखाना उभा राहिला. आधी रेडिचहून सुटे भाग येत आणि इथं जोडले जात. मग साचे आणि यंत्रं आली, आणि १९६२ पर्यंत गाडीचा प्रत्येक भाग इथंच बनू लागला.

खरी गोष्ट इथून पुढे आहे. रेडिचमध्ये बुलेट बदलत राहिली. १९५६ मध्येच तिची चौकट बदलली. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिथली बुलेट बंद झाली. १९६७ मध्ये रेडिचचा कारखाना बंद झाला आणि १९७० च्या सुमारास कंपनीच उरली नाही. मद्रासला मात्र १९५५ ची गाडी तशीच बनत राहिली. दिवे, वायरिंग, ब्रेक यांत वेळोवेळी फेरफार झाले, पण इंजिन, त्याच्या मागे वेगळा बोल्ट केलेला चार गिअरांचा डबा आणि उजव्या पायाखालचा गिअर हे सगळं कायम राहिलं. १९७७ मध्ये तर तीच गाडी इंग्लंडला निर्यात होऊ लागली. मुलानं बापाला बापाच्याच तरुणपणाचा फोटो पाठवावा, तसा हा प्रकार.

आपण याला परंपरा म्हणतो. मीही म्हणत होतो. पण त्या तीस वर्षांत भारतात कुठली दुचाकी बदलली? औद्योगिक विकास आणि नियमन कायदा १९५१ चा. कारखान्यानं काय आणि किती बनवायचं हे परवान्यावर लिहिलेलं असे. क्षमता वाढवायची तर परवानगी, यंत्र आयात करायचं तर परवानगी, परदेशी कंपनीशी करार करायचा तर परवानगी. दुसरीकडे गिऱ्हाईक रांगेत उभं. बजाजच्या स्कूटरसाठी नोंदणी करून लोक दहा-दहा वर्षं थांबत. लग्न ठरण्याआधी नंबर लावलेली स्कूटर पोरगं शाळेत गेल्यावर हाती येई. विकत घेणारा दारात ताटकळत असताना विकणाऱ्यानं माल का बदलावा? मैसूरची जावा १९७३ मध्ये येझदी झाली ती मुख्यतः नावानं. एस्कॉर्ट्सची राजदूत मूळच्या पोलिश गाडीवर बेतलेली होती, तीही वर्षानुवर्षं तशीच.

त्या काळचा एक उलटा हिशेब आज तरुणांना सांगितला तर पटत नाही. वापरलेली बजाज स्कूटर नव्या स्कूटरपेक्षा महाग विकली जाई. नवीची किंमत कमी, पण ती मिळेपर्यंत केस पिकायचे, जुनी आज मिळायची. गाडी विकून नवी घेणं म्हणजे चढती पायरी, ही कल्पनाच तिथं रुजू शकत नव्हती. हातातली गाडी सोडणं म्हणजे रांगेत परत शेवटी उभं राहणं. गावाकडे आम्ही सगळ्याच मोटरसायकलींना फटफटी म्हणायचो, त्यात कुणाला मॉडेल विचारायची गरज नव्हती.

पण मॉडेल न बदलण्यातून एक चांगली गोष्टही घडली, आणि तीही नोंदवायला हवी. गाडी तीस वर्षं तीच राहिली, म्हणून तिचं ज्ञान साठत गेलं. १९६० च्या गाडीचा भाग १९८० च्या गाडीला चाले. तालुक्याच्या गावी मिस्त्री तयार झाले. ज्यांनी कधी मॅन्युअल पाहिलं नाही, ते आवाजावरून टॅपेट सैल आहे की घट्ट हे सांगत. साताऱ्याचे आमचे मिस्त्री इग्निशनचं टायमिंग बसवायला सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद वापरत. पिस्टन वरच्या टोकाला पोचण्याच्या जरा आधी, मिलिमीटरही नाही इतका खाली असताना, पॉइंट उघडायला हवेत. पॉइंटच्या मध्ये कागद धरायचा, इंजिन हातानं सावकाश फिरवायचं, आणि कागद अलगद सुटला तो क्षण पकडून पट्टी घट्ट करायची. यंत्र नाही, दिवा नाही. मी अकरावीत असताना त्यांनी हे मला दाखवलं. शाळेत कुठल्याही गुरुजींनी शिकवलेलं माझ्या हातात इतकं टिकलेलं नाही.

आता डायऱ्यांकडे. दादा पाटबंधारे खात्यात होते. कालव्यांच्या कामांवर रोज फिरती. पेट्रोलचा हिशेब ते तारीखवार लिहीत. किती लिटर, किती किलोमीटर, आणि कडेला बारीक अक्षरात इतर खर्च: क्लच प्लेट, ब्रेक शू, कंडेन्सर. १९८६ च्या डायरीत एका पानावर मात्र वेगळाच हिशेब सापडला. वर लिहिलं होतं 'सीडी १००'.

त्या पानाला पार्श्वभूमी आहे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सरकारनं लहान इंजिनांच्या दुचाकींसाठी परदेशी भागीदारीचं दार उघडलं आणि दोन-तीन वर्षांत चार जपानी कंपन्या आत आल्या. १९८४ मध्ये टीव्हीएसबरोबर सुझुकी. १९८५ मध्ये धारूहेड्याहून हिरो होंडाची सीडी १००, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस एस्कॉर्ट्सबरोबर यामाहाची आरएक्स १००. पाठोपाठ पुण्याच्या बजाजबरोबर कावासाकी. सगळ्या शंभर सीसीच्या, हलक्या, एका किकेत चालू होणाऱ्या. त्यांतली होंडा फोर स्ट्रोक होती आणि लिटरला ऐंशी किलोमीटर देते असं लोक एकमेकांना सांगत. आमची बुलेट दादांच्या हातात पस्तिसाच्या आत-बाहेर असायची. भारतीय मध्यमवर्गाला 'जुनी ठेवू की नवी घेऊ' हा प्रश्न दुचाकीच्या बाबतीत खऱ्या अर्थानं पडला तो या दोन-तीन वर्षांत.

दादांनी तो पुरता सोडवला होता. महिन्याचे किलोमीटर, दोन्ही गाड्यांचं पेट्रोल, बुलेट विकून येणारी रक्कम, वर घालायचे पैसे, आणि ते किती महिन्यांत फिटतील. बेरीज नव्या गाडीच्या बाजूची होती. खाली दोन शब्द: 'घ्यावी. दिवाळीनंतर.' पुढची पानं चाळली. दिवाळीनंतरच्या पानांवर सीडी १०० नाही. आत्याच्या लग्नाचा खर्च आहे.

म्हणजे ज्या निष्ठेचा दाखला मी चाळीस वर्षं देत होतो, ती नव्हतीच. दादांना बुलेट बदलायची होती, पैसे दुसरीकडे गेले. पुढे ते कालव्यावरून कार्यालयात आले, फिरती संपली आणि प्रश्न मिटला. त्यांनी कधी बुलेटची तक्रार केली नाही, तशी आत्याच्या लग्नाचीही केली नाही. मी त्या न बोलण्यातून प्रेमकथा रचली. देशानं तरी वेगळं काय केलं? तीस वर्षांच्या टंचाईला आपण मागाहून परंपरा म्हणू लागलो.

बुलेट त्यानंतरही टिकली ती मरता मरता. १९९४ मध्ये आयशरनं एनफिल्ड इंडिया ताब्यात घेतली. २००० मध्ये सव्वीस वर्षांच्या सिद्धार्थ लाल यांच्याकडे कारभार आला, तेव्हा ही कंपनी ठेवावी की काढून टाकावी याचीच चर्चा होती. शंभर सीसीच्या गाड्यांनी बाजार व्यापला होता आणि बुलेट पोलीस, सैन्य आणि थोड्या हौशी लोकांपुरती उरली होती. तिला बदलायला लावलं ते ग्राहकांच्या हट्टाइतकंच धुराच्या नियमांनीही. १९९१ पासून वाहनांच्या धुरावर मर्यादा आल्या, १९९६ आणि २००० मध्ये त्या आवळत गेल्या, मग भारत स्टेजचे टप्पे सुरू झाले. आरएक्स १००, येझदी, राजदूत यांसारख्या टू स्ट्रोक गाड्यांचा काळ याच सुमारास सरला. १९५५ च्या इंजिनालाही हे पेलणारं नव्हतं. २००२ मध्ये थंडरबर्डवर ऑस्ट्रियाच्या एव्हीएल कंपनीच्या मदतीनं केलेलं अ‍ॅल्युमिनियमचं इंजिन आलं. २००८-०९ मध्ये यूसीई आलं: इंजिन, क्लच आणि गिअरचा डबा एकाच कवचात, टॅपेट हायड्रॉलिक, गिअर डाव्या पायाखाली. थोड्याच काळात जुनं इंजिन बंद झालं.

एक गंमत अशी की आमच्या गाडीला नाव मिळालं ते त्यानंतर. तोवर ती नुसती बुलेट होती. नवं इंजिन आल्यावर ती 'कास्ट आयर्न' झाली, कारण तिचा सिलिंडर बिडाचा. चाळीस वर्षांत कुणा मिस्त्रीनं सिलिंडर कशाचा आहे हे नावात घातलं नव्हतं. आता जाहिरातींत 'ओरिजिनल कास्ट आयर्न' लिहून लोक भाव वाढवतात. जुन्याला जुनेपण नव्यामुळेच मिळतं, आणि बऱ्याचदा किंमतही.

आजची बुलेट ही त्याच्याही पुढची. २०१७ मध्ये कंपनीनं इंग्लंडमध्ये, लेस्टरशर परगण्यात, तंत्रज्ञान केंद्र काढलं. तिथले आणि चेन्नईचे अभियंते मिळून जे इंजिन घडवलं ते २०२० मध्ये मीटिअरवर, २०२१ मध्ये क्लासिकवर आणि सप्टेंबर २०२३ मध्ये बुलेटवर आलं. रेडिचहून मद्रासला आलेली गाडी सत्तर वर्षांनी अर्धी इंग्लंडात जाऊन परत आली. ३४९ सीसी, ७२ बाय ८५.८, म्हणजे जुन्या लांब स्ट्रोकची आठवण ठेवलेली. ताकद २०.२ बीएचपी. पाच गिअर, पेट्रोलचं इंजेक्शन, थरथर कमी करायला बॅलन्सर शाफ्ट, पुढे डिस्क ब्रेक आणि एबीएस. १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना २०१९ पासून एबीएस सक्तीचंच आहे. टाकीवरच्या रेघा आणि दिव्याची टोपी मात्र जुनीच. आणि किक नाही. म्हणजे नव्या बुलेटमध्ये दिसतं ते सगळं जुनं, आणि चालतं ते सगळं नवं.

मी चालवून पाहिली. बटण दाबलं, चालू झाली, गुडघ्यानं सुस्कारा सोडला. डाव्या पायानं पहिला गिअर टाकला, तो लक्षात ठेवून. वीस पावलं गेलो आणि दुसरा टाकायला सवयीनं उजवा पाय दाबला. आमच्या गाडीवर पहिला गिअर वर आणि बाकीचे तीन खाली, उजव्या बोटांनी. नव्या गाडीवर त्या जागी मागचा ब्रेक आहे. गाडी जागच्या जागी थबकली. मागे शोरूमचा मुलगा बसला होता, त्याचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर आपटलं. रस्ता मोकळा होता म्हणून दोघंही हसलो.

घरी येताना हसू आलं नाही. तोवर माझ्या डोक्यात एक तडजोड होती: नवी घेऊ, जुनीही ठेवू. रविवारी जुनी, एरवी नवी. पण याची उलट चूक वाईट आहे. खंबाटकीच्या उतारावर जुन्या गाडीवर ट्रक समोर आला आणि पाय नव्या गाडीच्या सवयीनं उजवीकडे दाबला गेला, तर ब्रेक लागणार नाही, गिअर बदलेल. मागे बायको बसलेली असेल. चाळीस वर्षांत पायात मुरलेली गोष्ट आठवड्यातून एकदा उलटी करता येत नाही.

साताऱ्याला मिस्त्रींकडे गेलो. ते आता ऐंशीच्या घरात आहेत, एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, गॅरेज त्यांचा नातू बघतो. नातवाकडे लॅपटॉप आहे, वायर जोडून नव्या गाड्यांचे दोष वाचतो. मिस्त्री बाहेर खुर्चीवर. मी सगळं सांगितलं. वाटलं होतं, 'ही गाडी सोडू नकोस' म्हणतील.

ते म्हणाले, "दोन्ही ठेवू नकोस. पाय चुकतो. माझ्याकडं असे दोघं आलेत, मोडलेला पाय घेऊन."

"मग ही विकू?"

"इकू नको. ज्याला हिच्याशिवाय दुसरी चालवायची नाही त्याला दे. आणि त्याला हितं घेऊन ये, डोळा हाय तवर पॉइंट दाखवतो."

नवं इंजिन त्यांना वाईट वाटतं का, असंही विचारलं. नातवाकडे बोट करून म्हणाले, त्याला टॅपेट लावावे लागत नाहीत, हात काळे होत नाहीत, गिऱ्हाईक वेळेत जातं. थोडं थांबून म्हणाले, पण गाडी बंद पडली की गिऱ्हाईक गाडीकडं बघत नाही, फोनकडं बघतं. मला यात तक्रार ऐकू आली नाही. काय मिळालं आणि काय गेलं, याचा सरळ हिशेब होता तो. दादांच्या पानासारखाच.

नवी बुलेट मी गेल्या आठवड्यात नोंदवली. एबीएस हे खरं कारण, गुडघा दुसरं. ब्रेक चांगला असण्यात कुठल्या परंपरेचा अपमान होत नाही. आणि परंपरेचं म्हणावं तर दादांनी हा निर्णय १९८६ मध्येच घेऊन ठेवला होता. फक्त दिवाळीनंतरचा होता, आणि ती दिवाळी यायला जरा उशीर झाला.

जुनी माझ्या भाच्याला देतो आहे. तो तेवीस वर्षांचा, कराडला असतो, आजवर सायकलीखेरीज काही चालवलेलं नाही. म्हणजे त्याच्या पायांना विसरायचं काही नाही. गेल्या रविवारी त्याला मिस्त्रींसमोर बसवलं. हल्ली सिगारेटचं पाकीट कोण बाळगतो, म्हणून पानपट्टीवरून एक आणावं लागलं. पहिल्या तीन वेळा कागद फाटला. चौथ्यांदा सुटला.

आरटीओचा फॉर्मही शेवटी भरला. नाव बदलायचं तर आरसी चालू हवी. गाडी दाखवून झाली की मुदत २०३१ पर्यंत होईल. तेव्हा नवं मॉडेल घ्यायचं की नाही, हा प्रश्न त्याचा असेल. डायऱ्या मात्र मी त्याला दिल्या नाहीत. १९८६ च्या त्या पानाची झेरॉक्स तेवढी दिली.